वाचकांचे प्रश्न : ‘अपर हँड’ कुणाकडे असतो आणि किती वेळ

गेल्या अंकात इंग्रजी वाक्प्रचारांबद्दलचे प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, तर आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे निघाले, की कुणाचं पारडं जड आहे हे इंग्रजीत म्हणायचं कसं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कॉलेजात सेकंड इयरला आहे. फुटबॉलच्या इंग्लिश कॉमेंट्रीत ‘हॅव द अपर हँड’ सारखं ऐकतो, पेपरात पण येतं. मी असाइनमेंटमध्ये लिहिलं की माझं घर कॉलेजच्या जवळ आहे म्हणून ‘आय हॅव द अपर हँड’, तर सरांनी लाल पेनने खोडलं आणि बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. अपर हँड म्हणजे फायदाच ना? मग चुकलं कुठे? — एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : सरांनी खोडलं ते बरोबरच आहे, पण नुसत्या प्रश्नचिन्हाने तुला काय कळणार, म्हणून जरा सविस्तर सांगते. घर कॉलेजजवळ असणं ही सोय झाली, फायदा म्हण हवं तर, पण त्यात तुझ्यासमोर कोण आहे? कुणीच नाही. अपर हँडला समोर कुणीतरी लागतंच. दोन बाजू पाहिजेत आणि त्यांच्यात काहीतरी चाललेलं पाहिजे, मॅच म्हण, सौदा म्हण, कोर्टातली केस, निवडणूक, घरातलं भांडणसुद्धा चालेल, आणि त्या घडीला सूत्रं एकाच्या हातात असली पाहिजेत, म्हणजे पुढे काय व्हायचं ते हा ठरवणार आणि दुसरा त्याच्या मागे फरफटत जाणार. आपला ‘वरचष्मा’ इथे अगदी फिट बसतो. ‘वरचढ ठरणं’ पण चालतं. नुसता ‘फायदा’ लिहिलं की अर्थ पातळ होतो, आणि तुझ्या वाक्यात नेमकं तेच झालंय.

तू फुटबॉल बघतोस म्हणून त्यातलंच उदाहरण घेते. २० डिसेंबर २०१५, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, आपल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. तू तेव्हा लहान असशील, पण घरात कुणालाही विचार, अजून हळहळतात लोक. हाफ टाइमपर्यंत गोल नाही. ५४व्या मिनिटाला चेन्नईयिनने गोल केला, चारच मिनिटांत आपल्या हाओकिपने बरोबरी साधली, आणि मग ८७व्या मिनिटाला जोफ्रेची ती फ्री किक, २-१, आख्खं फातोर्डा उभं राहिलं. तीन मिनिटं काढायची होती फक्त. ९०व्या मिनिटाला आपल्याच खात्यात स्वयंगोल पडला, २-२, आणि इंज्युरी टाइममध्ये मेंडोझाने तिसरा मारला. ३-२ ने चेन्नईयिन चॅम्पियन.

आता या एका मॅचमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात आणि इंग्रजीत तिघींना तीन नावं आहेत. मैदान आपलं, प्रेक्षक आपले, तो ‘होम ॲडव्हान्टेज’, तो पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत होता, हरलो तेव्हाही होता, त्याला कुणी हात लावू शकत नाही. २-१ झालं ती ‘लीड’, आघाडी, ती स्कोअरबोर्डवर दिसते, त्यात वाद नाही. आणि अपर हँड स्कोअरबोर्डवर कधीच दिसत नाही. ८७व्या मिनिटाला तो आपल्याकडे होता हे खरं, पण २-२ झालं त्या क्षणाचा विचार कर. बोर्डवर बरोबरी, म्हणजे आघाडी कुणाचीच नाही, तरी मॅच कुणाच्या हातात होती? चेन्नईयिनच्या. त्यांचे पाय पळत होते आणि आपल्यांचे जड झाले होते. कॉमेंट्रीवाले अशा वेळी ‘चेन्नईयिन हॅव द अपर हँड नाऊ’ म्हणतात, त्यातला तो ‘नाऊ’ फार महत्त्वाचा, कारण हा वाक्प्रचार त्या घडीचं सांगतो, निकालाचं नाही. मॅच संपल्यावर ‘चेन्नईयिन हॅड द अपर हँड’ असं लिहून थांबलास तर ते जिंकले हे त्यात येतच नाही. जिंकले ते वेगळं लिहावं लागतं.

फुटबॉल सोडून बाजारात ये. सकाळी सात-साडेसातला मासळी बाजारात बांगडे नुकते उतरलेत, डोळे चकचकीत, गर्दी आहे, तेव्हा मासळीवाली भाव सांगते आणि आपण देतो, घासाघीस केली तर ती आपल्याकडे बघतपण नाही, पुढच्या गिऱ्हाईकाला विचारते. तेच साडेबारा-एक वाजता जा. बर्फ वितळलाय, टोपलीत दोन वाटे उरलेत, तिला घरी जायचंय, आता तीच तुम्हाला हाक मारते आणि भाव तुम्ही सांगता. मासे तेच, माणसं तीच, अपर हँड मात्र इकडून तिकडे गेला. आणि १ जून ते ३१ जुलै, ट्रॉलर बंद असतात ते ६१ दिवस, तेव्हा तर दुपारी गेलात तरी तो तिच्याकडेच. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण अपर हँड माणसाच्या गुणामुळेच येतो असं काही नाही, वेळेमुळे येतो, गरज कुणाला जास्त आहे त्यावरून येतो. ज्याला ‘नको, राहू दे’ म्हणून उठून जाता येतं त्याच्याकडे तो बहुतेक वेळा असतो.

अजून एक. मराठीत भाषांतर करताना शब्दाला शब्द लावून ‘हाताचं वर असणं’ असलं काही करू नकोस, आपल्याकडे हात वर केले म्हणजे अंग काढून घेतलं, अगदी उलटा अर्थ होतो.

प्रश्न : मी कुठेतरी वाचलं की ‘अपर हँड’ बेसबॉलमधून आलाय, दोन मुलं बॅटच्या दांड्यावर एकावर एक हात ठेवत जातात आणि ज्याचा हात सगळ्यात वर त्याची पहिली बॅटिंग. हे खरं का? माझा नातू शाळेत सांगणार आहे म्हणून विचारतोय. — एक आजोबा, मडगाव

उत्तर : आजोबा, नातवाला हे सांगू देऊ नका. गोष्ट छान आहे आणि तशी हात ठेवत जायची पद्धत खरोखर आहे, टीम निवडायला अमेरिकेतली मुलं करतात, पण वाक्प्रचार तिथून आलेला नाही, कारण तारखाच जुळत नाहीत. बेसबॉलचे म्हणून जे पहिले लेखी नियम सांगतात ते न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबचे, १८४५ सालचे. आणि ‘अपर हँड’ हा वरचष्म्याच्या अर्थाने इंग्रजीत पंधराव्या शतकापासून सापडतो, म्हणजे अल्बुकर्क मांडवीत शिरायच्याही आधीपासून. त्याच्याही आधी ‘ओव्हर-हँड’ असा शब्द होता, अर्थ तोच. हातातल्या पकडीत, झटापटीत ज्याचा हात वर तो दुसऱ्याला दाबतो, एवढंच साधं चित्र त्यामागे असावं असं मला वाटतं, त्याला कुठला खेळ चिकटवायची गरजच नाही.

वाक्प्रचारांच्या अशा जन्मकथा फॉरवर्डमध्ये खूप फिरतात आणि ऐकायला इतक्या गोड असतात की तपासावंसं वाटत नाही. नातवाला एवढी एक युक्ती शिकवा, की कथेतली वस्तू कधीची आणि शब्द पहिल्यांदा सापडतो तो कधीचा, या दोन तारखा शेजारी ठेवायच्या. अर्ध्याहून जास्त कथा तिथेच गळतात.

प्रश्न : ताई, माझा मुलगा चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकला, आता पाचवीत इंग्लिश मीडियमला घातलाय. पहिल्याच मीटिंगला टीचर म्हणाल्या की बाकीच्या मुलांना ‘हेड स्टार्ट’ आहे. मला नीट कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. घरी येऊन डिक्शनरी बघितली तर वाईट वाटलं. हे ‘अपर हँड’सारखंच आहे का? म्हणजे माझा मुलगा कायमचा मागे राहणार का? — एक आई, पेडणे

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. आणि पुढच्या मीटिंगला जे कळत नाही ते सरळ विचारा, मराठीत विचारा, टीचर गोव्यातल्याच असणार.

हेड स्टार्ट शर्यतीतून आलाय. शिट्टी वाजायच्या आधीच कुणीतरी चार पावलं पुढे उभा असतो, तो हेड स्टार्ट. बघा यात आणि अपर हँडमध्ये केवढा फरक आहे. अपर हँड म्हणजे आत्ता या घडीला कुणाचं चालतं, आणि हेड स्टार्ट म्हणजे सुरुवात कुठून झाली, बस्स. कोण जोरात धावतो, कोण शेवटपर्यंत टिकतो, याबद्दल तो शब्द एक अक्षर बोलत नाही. शंभर मीटरच्या शर्यतीत दहा मीटर पुढून सुटणारा बहुतेक जिंकेल, दहा किलोमीटरच्या शर्यतीत ते दहा मीटर कुठल्याकुठे विरून जातात. पाचवी ते बारावी आणि पुढे कॉलेज, ही लांब पल्ल्याची शर्यत आहे, आणि खरं तर ती शर्यत पण नाहीये.

गोव्यात हे आजचं नाही. सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोकणी, आणि पुढे हायस्कूल इंग्रजीत, या वाटेने आपल्याकडच्या किती पिढ्या गेल्या. प्राथमिकचं माध्यम कुठलं असावं आणि अनुदान कुणाला मिळावं यावरून नव्वदच्या सुमाराला आणि मग २०११ साली रस्त्यावर आंदोलनं झाली, घराघरात वाद झाले, तुमच्याही आठवणीत असेल. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण शिकवायचा जो अनुभव आहे त्यावरून हे ठामपणे सांगते, की ज्या मुलाला मराठीत धडा वाचून त्यात काय म्हटलंय ते आपल्या शब्दांत सांगता येतं त्या मुलाकडे वाचायची अक्कल आहे, आणि ती अक्कल भाषा बदलली म्हणून दप्तरातून पडून जात नाही. त्याला फक्त शब्द नवीन आहेत. पहिली टर्म जड जाणार, गणितात ‘बेरीज’ची ‘ॲडिशन’ झाली, ‘अपूर्णांका’चं ‘फ्रॅक्शन’ झालं, की मूल गणित येत असून गप्प बसतं. वहीच्या मागच्या पानावर दोन कॉलम करून द्या, एकीकडे मराठी, एकीकडे इंग्लिश, आणि तो स्वतः भरू दे. आणि मराठी वाचन बंद करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

आता यातच तुमच्या कामाचा दुसरा शब्द येतो तो सांगते, ‘लेग अप’. घोड्यावर चढताना उंच घोडा असेल तर बाजूला उभा असलेला माणूस स्वाराचा दुमडलेला डावा पाय हातात धरतो आणि वर उचलतो, शर्यतीच्या मैदानात जॉकी आजही तसेच चढतात. म्हणून ‘गिव्ह समवन अ लेग अप’ म्हणजे कुणालातरी वर चढायला हात देणं. हेड स्टार्ट आयता मिळतो, लेग अप कुणीतरी देतं. तो कॉलमचा कागद म्हणजे तुम्ही मुलाला दिलेला लेग अप. फक्त एक ध्यानात असू द्या, अमेरिकन लोक ‘हॅव अ लेग अप ऑन समवन’ असंही म्हणतात, तिथे मदतीचा अर्थ मागे पडतो आणि ‘दुसऱ्यापेक्षा थोडं वरचढ असणं’ एवढाच राहतो, त्यामुळे ‘गिव्ह’ आहे की ‘हॅव’ आहे ते बघून अर्थ लावायचा.

प्रश्न : जमिनीच्या एका जुन्या वादावरच्या इंग्रजी लेखात ‘द लँडलॉर्ड हेल्ड द व्हिप हँड’ असं वाक्य होतं. म्हणजे मालक खरोखर चाबकाने मारायचा का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : मारायचा असं त्या वाक्यात नाही, पण मारू शकला असता असा वास त्याला नक्की आहे. घोडागाडी हाकणाऱ्याच्या डाव्या हातात लगाम आणि उजव्यात चाबूक, तो चाबकाचा हात म्हणजे व्हिप हँड. अपर हँडमध्ये दोघं निदान एका पातळीवर उभे असतात, आज तू वर उद्या मी. व्हिप हँडमध्ये एक जण गाडीवर बसलाय आणि दुसरा जुंपलेला आहे. म्हणून तो लेखकाने इथे वापरला ते मला फार नेमकं वाटलं.

आपल्याकडचं भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकार यांचं नातं आठवा. मुंडकार भाटकाराच्या भाटात घर बांधून राहणार, माडांची राखण करणार, पडेल ते काम करणार, आणि त्याच्या पायाखालची जमीन भाटकाराची. भाडं मागितलं नाही तरी काय, ‘उद्या घर खाली कर’ एवढे चार शब्द भाटकाराच्या तोंडात कायम तयार असायचे आणि मुंडकाराला ते माहीत असायचं. चाबूक उचलायची गरजच नाही. मग मुक्तीनंतर कुळकायदा आला, १९६४ चा, पुढे शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार कायदा, ज्याने मुंडकाराला घरातून असं उठवता येईना, आणि १९७६ ची कुळकायद्याची पाचवी दुरुस्ती, कसेल त्याची जमीन म्हणतो ती. कागदावर चाबूक भाटकाराच्या हातातून गेला. प्रत्यक्षात मामलेदाराच्या कचेरीत कागद सरकता सरकत नाही, घर नावावर व्हायला माणसाचं आयुष्य जातं, आणि तोवर जुनी भीती घरात राहतेच, हे डिचोलीत बसून तुम्हाला मी काय सांगणार.

तर ऑफिसात, घरात, कुठेही जिथे एकाचं पोट दुसऱ्याच्या मर्जीवर आहे तिथेच व्हिप हँड वापरा. क्रिकेटच्या मॅचला वापरू नका, कानाला लागतं.

प्रश्न : आमचे काका बरीच वर्षं बोटीवर होते. ते बोलता बोलता ‘ही हॅज द वेदर गेज’ असं म्हणतात. हे पण फायद्याबद्दलच आहे का? — एक वाचक, वास्को

उत्तर : हो, आणि काकांना माझा नमस्कार सांगा, हा वाक्प्रचार आता किनाऱ्यावर फारसा कुणी वापरत नाही.

शिडांच्या लढाऊ जहाजांच्या काळातला आहे. वारा जिकडून येतो त्या बाजूला जे जहाज असेल त्याच्याकडे वेदर गेज. हल्ला करायचा की नाही, कधी करायचा, किती जवळ जायचं, हे तो ठरवणार, कारण वारा पाठीशी घेऊन तो केव्हाही खाली येऊ शकतो आणि खालच्याला, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूच्या जहाजाला, मात्र वाऱ्याविरुद्ध वर चढायला आडवेतिडवे फेरे घ्यावे लागतात. तोफांचा धूर पण वाऱ्याबरोबर खालच्याच्याच अंगावर. पण एक गोष्ट लोक विसरतात, वाऱ्याने जहाज कलतं ते खालच्या बाजूला, म्हणजे वरच्या जहाजाची शत्रूकडे तोंड असलेली बाजू पाण्याकडे झुकते, आणि समुद्र खवळलेला असेल तर तिथल्या सगळ्यात खालच्या रांगेतल्या तोफांची दारं बंद ठेवावी लागायची. आणि मोडलेल्या जहाजाला वाऱ्याबरोबर पळून जाणं सोपं, ते खालच्यालाच जमतं. म्हणून कुठल्याही जागेचा फायदा असला तरी त्याला किंमत असते हे या शब्दात आहे, अपर हँडमध्ये ते येत नाही.

याच कुळातला ‘टेक द विंड आउट ऑफ समवन्स सेल्स’ अजून जिवंत आहे. वरचं जहाज मध्ये आलं की खालच्याच्या शिडात वाराच जात नाही, शिडं लोंबकळतात. समोरचा मोठ्या आवेशात भांडायला आला आणि तुम्ही पहिल्याच वाक्यात त्याचं म्हणणं मान्य करून टाकलं, तर ते हेच.

प्रश्न : हॉटेल लाइनमध्ये इंटरव्ह्यू द्यायचाय. ‘आय हॅव ॲन एस अप माय स्लीव्ह’ असं म्हटलं तर इंप्रेशन चांगलं पडेल का? आणि मित्र म्हणतो अमक्याला ‘इनसाइड ट्रॅक’ आहे, म्हणजे वशिला का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : पहिलं म्हणू नका. बाहीत लपवलेला एक्का, मूळ पत्त्यांतली लबाडी. आज इंग्रजीत त्याचा लबाडीचा अर्थ बराचसा गेलाय, ‘गुपचूप राखून ठेवलेला हुकमाचा एक्का’ इतकाच राहिलाय, पण जो एक्का आपण राखून ठेवलाय तो आपणच समोरच्याला सांगायचा म्हणजे तो राखला कसा? दुसऱ्याबद्दल बोलताना वापरा. इंटरव्ह्यूत तुम्हाला रशियन येतं किंवा फ्रंट ऑफिसचं काम येतं तर तेच सरळ सांगा, फार तर ‘दॅट गिव्ह्ज मी ॲन एज’ म्हणा, एज म्हणजे उगाच फुशारकी नाही, थोडासा सरसपणा.

दुसऱ्याचं उत्तर, वशिलाच असेल असं नाही. धावायच्या ट्रॅकवर आतली लेन सगळ्यात आखूड. एक लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे पूर्ण फेरीत बाहेरची प्रत्येक लेन साधारण सात-साडेसात मीटरने लांब होत जाते, म्हणून तर ४०० मीटरला आठव्या लेनमधल्याला पहिल्यापेक्षा ५३ मीटर पुढे उभं करतात, दिसायला अन्याय वाटतो पण अंतर सारखं करायला असतं ते. जिथे असं पुढेमागे उभं करत नाहीत, सगळे एकदम आत घुसतात, तिथे आतला धावणारा कमी पळतो. वाक्प्रचारात ‘हॅव द इनसाइड ट्रॅक’ म्हणजे ती जवळची वाट कुणाला तरी मिळालीय. ती ओळखीने मिळाली असेल, त्याच हॉटेलात दोन सीझन ट्रेनी म्हणून राबल्यामुळे मिळाली असेल, किंवा जागा निघणार ही आतली खबर आधी लागली असेल. वाक्य वाचून कळतं कुठलं ते. तुमचा मित्र कुठल्या अर्थाने म्हणाला ते त्यालाच विचारा, आणि इंटरव्ह्यूला मनापासून शुभेच्छा.

प्रश्न : मी दहावीला आहे. संभाजी महाराजांच्या फोंड्याच्या लढाईवर इंग्लिशमध्ये निबंध लिहितेय. प्रत्येक वेळी ‘हॅड द अपर हँड’च येतंय. दुसरं क्रियापद लागत नाही का? आणि पुढे ‘ऑन’ लिहायचं की ‘ओव्हर’? — एक विद्यार्थिनी, फोंडा तालुका

उत्तर : विषय फार सुंदर घेतलास, आणि या वाक्प्रचाराची सगळी क्रियापदं शिकायला याहून चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही, कारण दोन-तीन महिन्यांत पारडं इतक्या वेळा फिरलंय.

नोव्हेंबर १६८३. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फौज आणि तोफा घेऊन फोंड्याच्या किल्ल्यावर आला. आत येसाजी कंक आणि थोडी माणसं. तोफांनी तटाला भगदाड पडलं. इथे लिही की सुरुवातीला पोर्तुगीज ‘हॅड द अपर हँड’. मग महाराज स्वतः घोडदळ घेऊन येऊन पोचले आणि शत्रूच्या डोळ्यांदेखत कुमक किल्ल्यात शिरली. इथे मराठे ‘गेन्ड द अपर हँड’, ‘गॉट’ पण चालेल पण निबंधात ‘गेन्ड’ जास्त शोभतं. व्हाइसरॉयने वेढा उठवला आणि दुर्भाटच्या वाटेने मागे फिरला, म्हणजे पोर्तुगीज ‘लॉस्ट द अपर हँड’. मग त्याच महिन्यात ओहोटीच्या वेळी मराठे मांडवीतल्या जुवे बेटावर, सांत इस्तेव्हला, उतरले आणि तिथला किल्ला घेतला, व्हाइसरॉय परत घ्यायला गेला तो जखमी होऊन कसाबसा सुटला. इथे ‘केप्ट द अपर हँड’ लिही, कारण आधी मिळवलेलाच टिकवला. पुढे मोगलांचा शहाआलम मोठी फौज घेऊन घाटाकडून येतोय म्हटल्यावर १६८४ च्या सुरुवातीला महाराजांना गोव्यातून मागे वळावं लागलं. इथे मात्र पोर्तुगीजांनी ‘गेन्ड द अपर हँड’ असं लिहू नकोस. त्यांनी काही मिळवलं नाही, तिसराच कुणीतरी आला म्हणून ते वाचले. हा फरक निबंधात दिसला तर तपासणाऱ्याला कळेल की मुलीला इतिहास पण समजलाय.

आता तुझा दुसरा प्रश्न. माणसावर, शत्रूवर असेल तर ‘ओव्हर’ लिही, ‘अपर हँड ओव्हर द पोर्तुगीज’. कशात ते सांगायचं असेल तर ‘इन’, ‘अपर हँड इन द बॅटल’. ‘ऑन’ पण काही जण लिहितात, बोलण्यात खपून जातं, परीक्षेत ‘ओव्हर’च ठेव. आणि मध्ये ‘द’ विसरू नकोस, ‘ॲन अपर हँड’ नाही, ‘द अपर हँड’, कारण तो एका वेळी एकाकडेच असतो.